न ऐकलेल्या प्रश्नाचं उत्तर

पासपोर्ट परत आले तेव्हा लाँड्रीच्या बाई घरी एकट्याच होत्या. कुरिअरवाल्याने सही घेतली, जाडसर पाकीट हातात ठेवलं आणि तो जिना उतरून गेलासुद्धा, तरी बाई दारातच उभ्या. आत काय आहे ते पाकीट न फोडताच त्यांना माहीत होतं. व्हिसा ऑफिसच्या त्या खिडकीपाशी, मुलाखत चालू असतानाच, ते त्यांना कळून चुकलं होतं. नवऱ्याला मात्र अजून कळलं नव्हतं, आणि त्याला ते सांगायचं कसं, हे बाईंना सुचत नव्हतं.

बाईंना सगळे लाँड्रीच्या बाईच म्हणत. मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात चादरी, अभ्रे आणि रुग्णांचे गाऊन धुवायचा विभाग होता, तो त्या सांभाळायच्या. तिथे दिवसभर धुलाईची यंत्रं घरघरतात, ड्रायर गरगरतात, वाफेचे रोलर सुसकारे टाकतात. कुणाला काही सांगायचं तर त्याच्यासमोर जाऊन, तोंडाकडे तोंड करून, ओठ स्पष्ट हलवून सांगावं लागतं. बाईंना ती सवय इतकी लागली होती की त्या घरीही तशाच बोलायच्या, मोठ्यांदा आणि समोर उभं राहून. शेजारपाजारचे हसायचे. पण त्या सवयीमुळे एक गोष्ट कितीतरी वर्षं झाकून राहिली होती. बाईंच्या नवऱ्याला ऐकू येत नव्हतं.

नवरा छापखान्यात मशीनवर होता. हाताखालच्या लोकांनी त्यांना उस्ताद म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव निवृत्तीनंतरही मागे लागलं. सगळी उमर धडधडत्या मशीनशेजारी काढल्यावर कान शाबूत राहतील कसे? पण उस्तादांसमोर हा विषय काढायची सोय नव्हती. त्यांचे वडील म्हातारपणी ठार बहिरे झाले होते. घरातले लोक त्यांच्या तोंडावर त्यांच्याबद्दल बोलायचे, हसायचे, आणि म्हातारा सगळ्यांकडे बघून उगाच मान डोलवायचा. उस्तादांनी ते लहानपणी पाहिलं होतं. एकदा बाई नुसतं म्हणाल्या, "अहो, एकदा कान दाखवून या ना." तर उस्ताद ताटावरून उठले. "बहिरा ठरवतेस मला?" म्हणाले आणि पुढे कितीतरी दिवस त्यांनी अबोला धरला. तेव्हापासून बाई सांभाळून घेत. दाराची घंटा वाजली की त्या उठत. कुणी काही विचारलं की नवऱ्याकडे वळून, जणू आपल्यालाच नीट कळलं नाही अशा थाटात, तेच पुन्हा म्हणत. उस्तादांना ओठ दिसले की भागायचं.

त्या खिडकीपाशी ओठ दिसले नाहीत.

त्यांची एकुलती एक लेक परदेशात एका शहरात ट्राम चालवायची. सहा वर्षांत तिला इकडे येणं जमलं नव्हतं, म्हणून आईबापांनी जाऊन यायचं ठरलं. साधा पर्यटकाचा व्हिसा. एजंटने कोणते प्रश्न येतील ते आधी घोकून घेतले होते. खिडकीला जाड काच, काचेवर मागच्या दिव्यांची चमक, आवाज खाली बसवलेल्या लहानशा स्पीकरमधून यायचा. अधिकारी तरुण होता. तो संगणकाकडे बघत विचारायचा आणि त्याच्या मागे बसलेली दुभाषी खाली मान घालून त्याचं मराठी करून सांगायची. पहिले दोन-तीन प्रश्न घोकल्याप्रमाणेच आले. उस्तादांनी अंदाजाने बरोबर उत्तरं दिली. आणि मग प्रश्नांचा क्रम बदलला.

"मुलीकडे कायमचं राहायचा विचार आहे का?"

उस्ताद हसले, मान डोलावली आणि ठासून म्हणाले, "हो, हो, नक्की."

"नाही हो साहेब, त्यांना म्हणायचं होतं..." बाई बोलू लागल्या, पण अधिकाऱ्याने हात वर केला. दुभाषी म्हणाली, "प्रश्न त्यांना विचारलाय." आणि मुलाखत तिथेच संपली.

बाहेर आल्यावर उस्ताद खुशीत होते. "बघितलंस? कशी फटाफट उत्तरं दिली! परत येणार ना विचारलं, तर एकदम ठणकावून हो म्हटलं." बाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. इतक्या दिवसांनी तो चेहरा असा उजळला होता.

आता पाकिटातून निघालेल्या कागदावर नकाराचं कारण छापील होतं. अर्जदार ठरल्या मुदतीत परत जातील याची खात्री पटत नाही. घरी आल्यावर उस्तादांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला.

"ही जावयाची करणी," ते म्हणाले. "नोकरी बदलली ना मध्ये? त्याच्या कागदात खोट निघाली असणार. आपण तर सगळं चोख सांगितलं."

बाई गप्प बसल्या. हीच त्यांची चूक, आणि ती त्यांना फार महागात पडली.

जावई इलेक्ट्रिशियन होता. शांत, कमी बोलणारा, पण मानी. पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर उस्तादांनी त्याला धारेवर धरलं. "धड एका जागी टिकत नाही तुम्ही, त्याची शिक्षा आम्ही भोगायची? सासूसासऱ्यांना बोलावताना कागद तरी नीट द्यायचे." जावई खुर्ची मागे सरकवून पडद्यावरून उठून गेला. लेक म्हणाली, "बाबा, बास झालं," आणि कॉल बंद. त्यानंतर जावई कधी पडद्यावर आलाच नाही. लेकही मोजकंच बोलायची. बाई मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून. रोज म्हणायच्या, आज सांगू. पण उस्तादांचं तोंड पाहिलं की धीर व्हायचा नाही, आणि जितके दिवस जात, तितकं सांगणं अवघड होत होतं.

अशात एके दिवशी दुपारी तळघरात बाईंचा फोन थरथरला. जावयाचा नंबर. हा माणूस आपण होऊन फोन करणार नाही हे बाईंना ठाऊक होतं. त्या धुतलेल्या कपड्यांच्या कोठीत शिरल्या आणि दार लावून घेतलं.

"आई," जावई म्हणाला, "घाबरू नका. ती ठीक आहे. म्हणजे, लागलं तिला काही नाही."

तिच्या ट्रामपुढे एक माणूस आला होता. कानात इअरफोन घातलेले, नजर फोनमध्ये. तिने ब्रेक दाबला, घंटा वाजवली, पण ट्राम काही जागच्या जागी थांबत नाही. माणूस वाचला, मात्र त्याचा एक पाय गेला. चौकशीत तिची चूक नव्हती असा निर्वाळा मिळाला होता. पण लेक त्या दिवसापासून घराबाहेर पडली नव्हती. आंघोळ नाही, जेवण नाही, खिडकीचा पडदा उघडू देत नव्हती.

"मी माझ्या परीने सगळं करतोय," जावई म्हणाला आणि थांबला. "पण आई, ती झोपेत तुम्हाला हाक मारते."

बाई चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या. बाहेर रोलर सुसकारत होते. त्यांना वाटलं, त्या दिवशी खिडकीपाशी आपण आणखी जोरात ओरडलो असतो, तर आज तिथे असतो.

रात्री त्यांनी उस्तादांना लेकीचं सगळं सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी त्या एजंटकडे गेल्या. एजंट हुशार होता आणि थोडा भित्राही. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, नकार लपवायचा नाही, तो त्यांना दिसतोच. पण या वेळी दोघांचा अर्ज नको. तुम्ही एकट्याच करा. नवरा मागे राहिला म्हणजे तुम्ही परत येणार, हे त्यांनाही पटतं. उस्तादांचं पुढे बघू."

"आणि दोघांचा केला तर?"

"पुन्हा नाही म्हणाले, तर तिसऱ्यांदा कुणी तुमचं तोंडही बघायचं नाही. मग माझ्याकडे येऊ नका."

बाई एकटीचा अर्ज पर्समध्ये घालून निघाल्या. वाटेत त्यांनी मनाशी सगळं जमवलं. एजंटने सांगितलं म्हणायचं. नियमच तसा आहे म्हणायचं. कानाचा विषयही निघणार नाही आणि लेकीजवळ लवकर पोचता येईल. सोपं होतं.

घरी आल्या तर उस्तादांनी कपाटावरून मोठी बॅग काढून पुसायला घेतली होती. "कधी जायचंय ऑफिसात?" ते म्हणाले. "या वेळी मी त्यांना चांगलं सुनावतो. पोरगी तिथे अशी पडलीय आणि हे कागद बघत बसतात. आणि जावयाला म्हणावं, निदान आता तरी नीट पाठव. त्या वेळी त्याने घोळ घातला नसता तर आज माझी पोर एकटी नसती."

बाईंनी टीव्ही बंद केला. नवऱ्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं, समोर स्टूल ओढून बसल्या.

"अहो, माझ्याकडे बघा. जावयाने घोळ घातला नव्हता."

"मग कुणी?"

"त्या साहेबाने तुम्हाला विचारलं होतं, मुलीकडे कायमचं राहायचंय का. तुम्ही हो म्हणालात."

उस्तादांना आधी अर्थच लागला नाही. "मी? मी कशाला हो म्हणू?"

"परत येणार का, असं विचारलंय असं वाटलं तुम्हाला. तुम्हाला ऐकू आलं नाही, अहो. तुम्हाला ऐकू येत नाही. फार दिवस झाले."

उस्तादांचा चेहरा लालबुंद झाला. बाईंना वाटलं, आता बॅग भिंतीवर आदळणार. पण ते आवाज न चढवता बोलले आणि त्याचीच बाईंना जास्त भीती वाटली.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"आणि एवढे महिने गप्प बसलीस? त्याला मी काय काय बोललो. तुझ्यासमोर बोललो. बोलू दिलंस मला?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"म्हणून मला सगळ्यांसमोर गाढव बनू दिलंस." ते उठले, चपला घातल्या आणि निघून गेले.

बाईंनी त्यांना अडवलं नाही. नवऱ्याचं बोलणं खोटं नव्हतं. आपण सांभाळून घेत होतो, की नवऱ्याच्या रागाला भिऊन आपली सोय बघत होतो, हे त्यांना आता धड सांगता येईना. तास गेला, दोन तास गेले. फोन टेबलावरच राहिला होता. रस्त्यावर मागून गाडी आली तर या माणसाला हॉर्नही ऐकू जाणार नाही, हे आठवलं आणि बाई जिना उतरल्या, बागेत बघितलं, दवाखान्यापर्यंत जाऊन आल्या. शेवटी बसथांब्याच्या बाकावर उस्ताद दिसले. बस येत होत्या, जात होत्या, ते तसेच बसलेले. बाई जाऊन शेजारी नाही, समोर उभ्या राहिल्या.

"जावयाला फोन लाव," उस्ताद म्हणाले. "तोंड दिसेल असा."

तिथे बाकावरच फोन लावला. जावई दिसला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. उस्तादांनी घसा साफ केला.

"तुमचे कागद बरोबर होते. चूक माझी झाली. मला ऐकू येत नाही." हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. "मी बोललो ते विसरा, असं म्हणत नाही. पण ते खोटं होतं एवढं लक्षात ठेवा."

जावई बराच वेळ काहीतरी बोलला. आवाज फुटत होता, चित्र अडकत होतं. सवयीने उस्तादांची मान डोलायला लागली, पण त्यांनी ती थांबवली आणि बायकोला विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणतात, झालं ते झालं. पण हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं."

उस्तादांनी बायकोकडे पाहिलं.

मग कानाची तपासणी झाली. काचेच्या बंद खोलीत हेडफोन लावून उस्ताद बटण दाबायला बसले आणि बाहेर बाईंना दिसत होतं की डॉक्टर एकामागून एक सूर वाजवतायत आणि उस्तादांचं बोट जागचं हलत नाहीये. कानातलं मशीन आलं. पहिल्याच दिवशी ते वैतागले. वर्तमानपत्राचं पान उलटलं की दचकायचे, भांडं ठेवलं की कानावर हात ठेवायचे. आणि बाई स्वयंपाकघरातून बोलल्या तसे ओरडले, "अगं, केवढ्याने किंचाळतेस! इतकी वर्षं अशीच बोलत होतीस?" बाईंना हसू आलं. त्या भानगडीनंतर घरात पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

अर्ज दोघांचा करायचा, हे बाईंनी एजंटला ठणकावून सांगितलं. मागच्या वेळी काय घडलं ते जसंच्या तसं लिहायचं, लेकीच्या अपघाताचंही लिहायचं आणि डॉक्टरचा दाखला जोडायचा. एजंटने कपाळाला हात लावला. "बाई, कान लिहिलात तर म्हणतील उपचाराला निघाले. अपघात लिहिलात तर म्हणतील मुलीची सेवा करायला कायमचे चालले. तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय." पण आता काही झाकायची बाईंच्यात ताकदच उरली नव्हती.

मुलाखतीच्या सकाळी हॉल गच्च भरला होता. त्यांच्या आधीचं जोडपं खिडकीपासून वळलं तेव्हा त्यातल्या बाईने पदर तोंडाला लावला होता. नंबर पुकारला. या वेळी खिडकीत एक मध्यमवयीन अधिकारी होती, शेजारी दुसरी दुभाषी. उस्ताद पुढे वाकले आणि स्पीकरजवळ कान नेताच कानातलं मशीन कर्कश शिट्टी मारू लागलं. हॉलमधल्या माना वळल्या. उस्तादांनी बटण दाबून पाहिलं, मागे सरले, शिट्टी थांबेना. बाईंचं तोंड उघडलं होतं, नवऱ्याच्या वतीने बोलायला. उस्तादांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

त्यांनी मशीन कानातून काढलं आणि खिडकीच्या फळीवर ठेवलं.

"मॅडम," ते मोठ्याने म्हणाले, "मला ऐकू येत नाही. मागच्या वेळी प्रश्न न कळताच मी हो म्हणून मोकळा झालो. आज तसं करणार नाही. या ताईंना सांगा, काचेजवळ या आणि माझ्याकडे बघून सावकाश बोला. नाही कळलं तर पुन्हा विचारेन. तुम्हाला वेळ नसेल तर तसं सांगा."

दुभाषीने भाषांतर केलं. अधिकारी क्षणभर उस्तादांकडे बघत राहिली. मग तिने मान हलवली आणि दुभाषी खुर्ची सरकवून काचेला नाक लागेल इतकी पुढे आली.

"तुमची मुलगी राहा म्हणाली, तर काय कराल?"

उस्तादांनी तो प्रश्न दोनदा म्हणायला लावला.

"ती म्हणेलच," ते म्हणाले. "पण मी तिथे राहून करू काय? इथे माझ्या भाषेतलं मला ऐकू येईना, तिथलं काय येणार? माझं घर इथे आहे, हिची नोकरी इथे आहे. पोर पडलीय, तिला उभी करायची आणि परत यायचं. उभी राहिली नाही तरीही परत यायचं, ते मला माहीत आहे. तारीख लिहून दिलीय."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज चिरकला. अधिकारी हसली नाही. तिने बाईंना त्यांच्या कामाबद्दल, रजेबद्दल विचारलं, बराच वेळ टाइप केलं आणि पासपोर्ट ठेवून घेतले.

मधले दिवस कसे गेले ते बाईंना आठवत नाही. लाँड्रीत त्यांनी एकदा ऑपरेशन थिएटरचे हिरवे कपडे बालविभागात पाठवले आणि त्यावरून बोलणी खाल्ली. लेक फोनवर एवढंच विचारायची, "आलं का काही?" नाही म्हटलं की ठेवून द्यायची.

मग एक दिवस तळघराच्या दारात उस्ताद उभे दिसले. ते तिथे पूर्वी कधी आले नव्हते. आतल्या गोंगाटाने कळवळून त्यांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं. मधे ट्रॉल्यांची रांग, पलीकडे बाई, हातात ओली चादर. उस्ताद हाका मारत बसले नाहीत. त्यांनी नुसते ओठ हलवले, एकेक अक्षर सुटं करून. मि-ळा-ला. दो-घां-ना.

बाईंनी चादर तशीच छातीशी धरली. गाऊनच्या घड्या घालणाऱ्या बायका काय झालं म्हणून धावत आल्या.

व्हिसा एकाच महिन्याचा आणि एकाच फेरीचा होता. तेवढा पुरला, असं कुणी म्हणणार नाही. पहिले कितीतरी दिवस लेक आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून असायची. आईने केस धुतले, भरवलं, पडदा बोटभर बोटभर उघडला. पण अपघाताचं ती आईला सांगेना. आई रडेल, याची तिला धास्ती.

बापाला तिने सांगितलं. तेही असंच झालं. उस्ताद हट्टाने तिला सकाळी कोपऱ्यापर्यंत चालायला न्यायचे. एकदा चालता चालता, खाली मान घालून, ती बोलत सुटली. सगळं बोलली असावी. बोलून झाल्यावर तिने वर पाहिलं. तर उस्ताद थांबले होते.

"बाळा, मला निम्मंही ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "मान डोलवली असती तर तुला कळलंही नसतं. पण आता तसं करत नाही मी. इथे बस, माझ्याकडे बघ आणि पुन्हा सांग."

ती चिडली. "पुन्हा नाही सांगता येणार, बाबा."

"मग उद्या सांग."

तिने त्याच दिवशी सांगितलं. एका दुकानाच्या पायरीवर बसून, बापाच्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द सावकाश. तो माणूस कसा वळला, तिने घंटा किती वेळ दाबून धरली, नंतर ट्राममधल्या एका लहान मुलीने काय विचारलं. मध्ये मध्ये उस्ताद म्हणायचे, "हे नाही कळलं," आणि तिला तेच पुन्हा म्हणावं लागायचं. दोघं घरी परतले तेव्हा तिचा चेहरा सुजला होता, पण ती भूक लागली म्हणाली. जावयाने निमूटपणे चौघांची ताटं वाढली आणि उस्तादांच्या समोरच्या खुर्चीत बसला, एरवी तो टोकाला बसायचा.

मुदत संपायच्या आधीच दोघं परत आले. निघताना लेक विमानतळावर यायला निघाली, पण ट्रामच्या थांब्याशी तिचे पाय थांबले, म्हणून जावयानेच टॅक्सीने पोचवलं. ती अजून ट्राम चालवत नाही. डेपोत नव्या चालकांना शिकवायचं काम तिने मागून घेतलंय आणि पुढचं पुढे, असं म्हणते. बाई पुन्हा तळघरात रुजू झाल्या. घरी आता त्या हळू बोलायला शिकतायत, आणि चुकून आवाज चढला तर आतून उस्ताद ओरडतात, "ऐकू येतंय मला!"